पाठीच्या फळ्या

सुतारानं बाकावरून हात फिरवला आणि थांबला. “पाळकसाहेब, याला पूर्वी पाठीची फळी होती. ही बघा बुजवलेली भोकं.”

या गावच्या प्रेस्बिटेरियन चर्चमध्ये मी नवाच होतो. म्हातारी माणसं बिनपाठीच्या बाकांवर तास-दीड तास उपासनेला ताठ बसतात, ते मला बघवेना. म्हणून सुतार बोलावला होता.

फुलदाणी भरणाऱ्या मार्थाबाई वळल्या. “होत्या की फळ्या. प्लेगात गाव रानात पळालं, आजारी तेवढे घरात राहिले. आमच्या चर्चच्या मंडळीनं बाकांच्या फळ्या काढल्या, दारोदार जाऊन त्यांवर माणसं उचलून आणली. जात विचारली नाही की धर्म. इथंच, या फरशीवर त्यांचं सगळं केलं. माझी आजी त्या आणलेल्यांतलीच, तेव्हा लहान पोर. पुढं रोगाच्या भीतीनं फळ्या जाळाव्या लागल्या.”

मी सुताराला म्हणालो, “मग राहू दे. आहेत तसेच ठेवू.”

“राहू दे कशाला?” मार्थाबाई उसळल्या. “कंबर मोडते माझी! लावा की फळ्या. फक्त खिळे ठोकू नका, स्क्रूवर बसवा. पुन्हा लागल्या तर पटकन निघाल्या पाहिजेत.”