रस्त्यापलीकडचं ‘हं’

खाली बघू नकोस, असं मास्तरांनी बजावलं होतं आणि अक्षतानं नेमकं खालीच बघितलं. तिनं परांचीचा बांबू घट्ट धरला. समोर सिनेमाच्या नायिकेचा चेहरा होता, घराच्या भिंतीएवढा, आणि त्याला अजून डोळे नव्हते.

उद्या शुक्रवार. सकाळी बॅनर थेटरावर चढणार आणि सगळं कोल्हापूर तो बघणार. आजवर जोतीराम मास्तरांनी डोळे कुणाला रंगवू दिले नव्हते. नाक, ओठ, केस पोरांनी करावेत, डोळे मास्तरांनी. आज मात्र ते म्हणाले, “तूच कर की. किती दिस भ्यायचं?” आणि रस्ता ओलांडून शिंप्याच्या पायरीवर जाऊन बसले.

एवढा मोठा चेहरा जवळून कळत नाही. हात परांचीवर, तर नजर रस्त्यापलीकडे लागते. म्हणून शिकणाऱ्यानं काय केलं ते ओरडून सांगायचं, पलीकडून ‘हं’ आलं की पुढं सरकायचं.

गारगोटीहून शिकायला आल्यापासून अक्षताचा जीव त्या ‘हं’वर टांगलेला होता. ते आलं नाही की मास्तर रॉकेलचा बोळा घेऊन यायचे आणि दिवसभराचं काम एका फटक्यात पुसून टाकायचे. तिचं तोंड एवढंसं व्हायचं. दिवाळीपासून मात्र मोठं काम आलं नव्हतं, नुसत्या दुकानांच्या पाट्या. बोळा खुंटीवरच होता. आपला हात बसला, असं तिला वाटायला लागलं होतं.

“उजवा झाला, मास्तर!”

“हं!”

“डाव्याचं बुबुळ भरलं!”

“हं! झ्याक!”

ती खाली उतरली, पलीकडे गेली आणि तिनं वळून बघितलं. डावा डोळा एक चौकट खाली उतरला होता. भीतीच्या भरात मापासाठी आखलेल्या खडूच्या चौकटी मोजताना एक चुकली होती. शाळकरी पोरानंही खदाखदा हसून दाखवलं असतं.

आणि मास्तर म्हणाले होते, झ्याक.

तिनं त्यांच्याकडे पाहिलं. मास्तर हसऱ्या तोंडानं बघत होते, पण बॅनरकडे नव्हे, शेजारच्या रिकाम्या भिंतीकडे. परांचीवर वाटली नव्हती एवढी भीती तिला आता वाटली.

“मास्तर,” ती कशीबशी म्हणाली, “डावा डोळा खाली गेलाय.”

मास्तरांनी हातातली चहाची बशी चाचपडत पायरीवर ठेवली.

“साखरेच्या दुखण्यानं डोळं ग्येलं, पोरी. दिवाळीपास्नं नुसतं धुकं हाय. तुला सांगायचं भ्या वाटत हुतं. तू ग्येलीस तर ह्यो धंदा संपलाच की.”

दिवाळीपासूनच्या पाट्या अक्षताच्या डोळ्यांपुढून गेल्या. त्या कुणी तपासल्याच नव्हत्या. आज चुकलं तेही कुणी बघितलं नव्हतं. उद्या बघणार होतं ते सगळं गाव.

ती रस्ता ओलांडून परत गेली. खुंटीवरचा बोळा तिनं स्वतः काढला, रॉकेलमध्ये बुडवला आणि वर चढून डावा डोळा पुसून टाकला. चौकटी तिनं पुन्हा मोजल्या, बोट ठेवून. चार फटकारे मारले की खाली उतरायचं, रस्ता ओलांडायचा, बघायचं, परत चढायचं. पलीकडून आवाज येत नव्हता. मास्तर मान खाली घालून बसले होते.

दिवेलागणीला ती शेवटची उतरली आणि त्यांच्या शेजारी येऊन उभी राहिली.

“झालं का गं नीट?” मास्तरांनी हळूच विचारलं. त्यांचा आवाज कापत होता. परांचीवरून तिचा कापायचा, अगदी तसाच.

अक्षतानं कपाळापासून हनुवटीपर्यंत सगळा चेहरा सावकाश बघितला.

“हं,” ती म्हणाली.