आत्याच्या दारचं तोरण

मलकापूरच्या कॉलेजात बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला असलेल्या मयुरीनं आत्याच्या नव्या घरासाठी लोकरीचं तोरण विणायला घेतलं. परीक्षा तोंडावर होती, म्हणून ती एसटीत तोरण विणायची आणि घरी अभ्यास करायची. बोटं सोलवटली, डोळे चुरचुरले, पण गृहप्रवेशाला तोरण दारावर लागलं आणि पुढे निकालात पहिला वर्गही आला.

एम.एस्सी.साठी अमरावतीला जायची तिची बॅग भरून झाली, तेवढ्यात आत्याचा फोन आला.

"मयुरी, माह्या घरी आलेल्या पाहुण्यायनं तोरण पाहूनच तुले पोरासाठी पसंत केलं वं! तुह्या बाबानं होकारबी देला."

"अन् माह्या एम.एस्सी.चं काय, आत्या?"



"मी इचारलं ना. पाहुणे म्हंतेत, हातात अशी कला असल्यावर पोरीनं शिकून काय कराचं?"