वयाचा रकाना

एकेचाळीस नावं नव्या प्रोग्रामने परत पाठवली.

"कडक आहे ना," गलीह म्हणाला. जिल्ह्याच्या कचेरीतून नवा प्रोग्राम बसवायला तो सकाळीच या आरोग्य केंद्रात आला होता. दुपारी बाराला जुना प्रोग्राम बंद होणार, नवा सुरू. नव्यात ज्याचं नाव नाही त्याला रक्तदाबाच्या गोळ्या नाहीत, असा वरून हुकूम होता. आणि खिडकीबाहेर म्हाताऱ्यांची रांग आत्ताच अंगणापर्यंत गेली होती.

जुना प्रोग्राम खिडकीवर बसणाऱ्या बू वेनिंग, म्हणजे वेनिंगबाई, यांनी लिहिलेला. अठरा वर्षांपूर्वी, केसपेपर लिहिता लिहिता, पानं गळालेल्या एका झेरॉक्स पुस्तकावरून शिकून. भाषा पीएचपी.

"बू, राग मानू नका, पण ही काय भाषा आहे?"

"भाषा कसली, भोंगळ बाई आहे ती," बू वेनिंग म्हणाल्या. "काही शोधायला लावलं, तर कधी 'कशात शोधू' ते आधी सांगायचं, कधी 'काय शोधू' ते आधी. इतकी वर्षं झाली, अजून दर वेळी उलटंच लिहिते मी. तू काय शिव्या देणार तिला! माझ्या देऊन संपल्या."

गलीहने परत आलेली नावं उघडली. सगळी एकाच रकान्यात अडकली होती, वयाच्या. तो मोठ्याने वाचायला लागला.

"'६१, पण ६५ सांगते.' '५८, दात सगळे शाबूत.' '७०, बहिणीहून तीनने मोठा, बहिणीचं वय माहीत नाही.' बू! हे वय आहे?"

"एकदा चुकून शेरा त्या रकान्यात पडला माझ्या हातून. तिने ओरडायला हवं होतं. ओरडलीच नाही. सुरुवातीचा आकडा उचलला, उरलेलं ऐकून न ऐकल्यासारखं केलं, आणि दर वर्षी एक मिळवत राहिली. आठवडाभर चिडले होते मी तिच्यावर. मग म्हटलं, असू दे, शेरे तिथेच लिहीत जाऊ."

गलीहचं हसू थांबलं होतं. "नव्याला जन्मतारीख लागते. दिवस, महिना, साल. नाही तर तो ओळच घेत नाही."

"मग घाल काहीतरी."

"खोटं नाही भरणार मी, बू."

तेवढ्यात खिडकीत एक रिकामं गोळ्यांचं पाकीट आलं, आणि त्याच्यामागे म्बाह पोनिकेम; इथे आजीलाही म्बाह म्हणतात, आजोबांनाही. यादीतलं तिसरं नाव, अठरा वर्षांपूर्वी लिहिलेलं. '५२ असेल, डोंगर फुटला त्या वर्षीची.'

"म्बाह, जन्मतारीख काय तुमची?"

"तारीख? शनिवार, पोनचा." म्हातारीने त्याला खालून वर न्याहाळलं. "नावातच आहे की माझ्या. वाचता येतं ना तुला?"

रांग हसली. गलीह हसला नाही. आठवड्याचे वार सात, बाजाराचे पोन, पाहिंग असे पाच, आणि तीच जोडी पुन्हा यायला पस्तीस दिवस. त्याची स्वतःची आई अजूनही त्याच्या जन्माच्या जोडीच्या दिवशी लाल-पांढरी खीर करते, तो घरी असो वा नसो.

"डोंगरातला ज्वालामुखी चौपन्न साली फुटला," बू वेनिंग म्हणाल्या. "आणखी काही आठवतं, म्बाह?"

"मला काय आठवणार? मी जन्मत होते." मग तिनेच जोडलं, "आई सांगायची, रोजे चालू होते. सुईणीला कुणी चहासुद्धा विचारला नाही. ती रुसली, ती माझं लग्न होईपर्यंत."

गलीहने आपला लॅपटॉप पुढे ओढला, आणि पुन्हा मागे सारला. त्याच्या कडक भाषेत पाच ओळींच्या कामाआधी पन्नास ओळींची तयारी. तो खुर्चीसकट सरकत बू वेनिंगच्या जुन्या यंत्रापाशी गेला.

"हसू नका."

"मी कुठे हसले?"

त्याने भराभर लिहिलं: चौपन्न सालच्या रोज्यांत पोनचा शनिवार कधी. बाजाराच्या पाच वारांत पोन शोधायला सांगितलं. पडदा कोराच.

"उलटं," मागून बू वेनिंग म्हणाल्या.

"मूर्ख बाई!" तो यंत्रावर खेकसला, आणि दोन शब्दांची अदलाबदल केली.

एकच ओळ उमटली. रोज्यांच्या त्या महिन्यात असा शनिवार एकच होता.

"एकोणतीस मे, एकोणीसशे चौपन्न," गलीहने वाचलं.

"पुन्हा सांग."

त्याने पुन्हा सांगितलं. म्बाह पोनिकेमने ते पुटपुटून बघितलं, मग मागच्या बाईला सांगितलं, मग त्या बाईच्या मागच्या बाईला. नव्या प्रोग्रामने तारीख निमूट घेतली. बू वेनिंगनी गोळ्यांचं भरलेलं पाकीट खिडकीतून पुढे केलं, तर ते घ्यायचंच म्हातारी विसरली. तिच्या हातात कोंबावं लागलं.

"चाळीस राहिली," गलीह म्हणाला. बाराला अजून दीड तास होता. "ज्यांचं नाव घेईन त्यांनीच पुढे या."

नाव न घेताच म्बाह पाइरान पुढे आले.

"माझी काढ."

गलीहने यादी पाहिली. "म्बाह, तुमचं नाव परत आलेलं नाही. तुमच्या रकान्यात दाखल्यावरची तारीख आहे. एक जुलै."

"ती मास्तरांची. शाळेत घालताना सगळ्या वर्गाला एकच दिली त्यांनी." त्यांनी डोक्यावरची काळी टोपी काढून खिडकीच्या कठड्यावर ठेवली. "बुधवार, पाहिंगचा. सत्तर वर्षं लक्षात ठेवलाय. कुणी विचारलंच नाही."