चटका बसला तर सांगा

"चटका बसला की लगेच सांगायचं हं, मावशी. मी शेक कमी करते," असं म्हणत शेक देणाऱ्या मुलीने मशीनला जोडलेली गरम पाण्याची पिशवी अनसूयाबाईंच्या छातीवर ठेवली. केमो चालूच होती. आता आधी हा शेक, मग रेडिएशन. शेकलेली कॅन्सरची गाठ लवकर दाद देते, असं डॉक्टरांनी समजावलं होतं.

थोड्या वेळाने डाव्या बाजूला निखारा ठेवल्यासारखं झालं. अनसूयाबाईंनी दात आवळले. घरच्या खानावळीत भाकरी उलटताना पहिल्यांदा हात पोळला, तेव्हा त्या ओरडल्या होत्या. "गिऱ्हाइकं जेवतायत, तोंड बंद ठेव," नवरा खेकसला होता. ते तोंड तेव्हापासून बंदच होतं. शिवाय सांगितलं तर ही पोर शेक कमी करणार, मग गाठ जिरायची कशी?

"बरं वाटतंय ना, मावशी?"

"बरंय."

पिशवी उचलली तेव्हा खाली टरारून फोड आला होता. डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. "सांगायचं नाही का? आता हे भरून येईपर्यंत शेक बंद, रेडिएशनही बंद. गाठ थांबणार आहे का तोवर?"

दारातून नवरा कौतुकाने म्हणाला, "लई सोशिक आहे हो ती. आख्ख्या संसारात कधी हूं की चूं केलं नाही."

डॉक्टर खाली वाकले. "आता दुखतंय का?"

अनसूयाबाईंनी नवऱ्याकडे एकदा नीट पाहिलं.

"दुखतंय. खूप दुखतंय."

"काही नाही हो," नवरा हसला. "घाबरलीय जरा."