पिळाच्या नळ्या

"ही घालायची नाहीत यात," कादर म्हणाला आणि काडतुसांची नवीकोरी पेटी त्याने पाटलांपुढे परत सरकवली.

चिमाजी पाटील इगतपुरीकडच्या डोंगरातून सकाळच्या गाडीने नाशिकला आले होते. उंचेपुरे, मिशाळ. त्या पट्ट्यात त्यांच्या नेमाचं मोठं नाव होतं. भद्रकालीतल्या कादरच्या बंदूकदुरुस्तीच्या दुकानात ते आज पहिल्यांदाच आले, पण कादर त्यांना ऐकून ओळखत होता. बाहेर पायरीवर त्यांची बायको लंकाबाई डोक्यावरचा पदर सावरत बसली होती.

गावात बिबट्या माजला होता. आधी शेळ्या गेल्या, मग गवत कापायला गेलेली भागीबाई. आता गाव पाटलांच्या तोंडाकडे बघत होतं.

"पिंपळगावच्या पाव्हण्यानं मुद्दाम धाडल्यात," पाटील म्हणाले. "बिनधुराची. लय जोर हाय म्हनं."

"जोर आहे म्हणूनच नको." कादरने पाटलांची दुनळी बंदूक उजेडात धरली. काळपट नळ्यांवर पाण्याच्या लाटांसारख्या रेघा उमटल्या. "ही नक्षी नाही, पाटील. लोखंड-पोलादाच्या पट्ट्या पिळून, ठोकून जोडल्यात. काळ्या दारूच्या जमान्यातलं काम. नवी दारू आत वेगळीच भडकते. शिवाय ही काडतुसं उडाली की तोंड उघडून लांब होतात, आणि हिचं काडतूस बसायचं घर पडलं आखूड. नळी फाटली तर आधी डावा हात जातो, मग डोळे."

हे त्याला कुणी सांगायला नको होतं. अशीच एक नळी तपासताना त्याच्या बापाच्या डाव्या हाताची बोटं गेली होती. बाप नंतर डावा हात कायम खिशात ठेवायचा.

कादरने नळ्या सोडवून दोरीला टांगल्या, लाकडाने हलकेच ठोकल्या. घंटेसारखा स्वच्छ नाद निघाला, म्हणजे जोड शाबूत होते. मग त्याने एक डोळा मिटून आत पाहिलं आणि त्याच्या कपाळाला आठी पडली.

"काळ्या दारूची हलकी काडतुसं भरून देतो. मोठे छर्रे. अख्खी गोळी घालायची नाही. आणि डाव्या नळीत गंजाने खड्डा पडलाय. उजवीच वापरा. डावी अगदी जिवावर बेतलं तरच."

पाटलांचा चेहरा उतरला. लंकाबाई आत आली आणि त्यांच्या कानाशी काहीतरी पुटपुटली.

"धूर लय व्हईल का?" पाटलांनी विचारलं. "पयला बार टाकल्यावर म्होरलं दिसंल का?"

"क्षणभर नाही दिसणार."

"आन् खांद्याला दणका?"

कादरला नवल वाटलं. एवढा नावाजलेला शिकारी, आणि हे प्रश्न! बाईचा जीव खालीवर होत असणार, तिचंच मन राखायला विचारतोय बिचारा. "दणका नाही, नुसतं ढकलल्यासारखं," तो म्हणाला. मग बंदूक जोडता जोडता थबकला. "खांद्याला टेकायचा दस्ता कुणी कापलाय हो? तुमच्या हाताला आखूड पडत असेल. लाकूड जोडून देऊ?"

"नगं, नगं," पाटील घाईने म्हणाले. "सवय झालीया."

ती दोघं गेली, पण कादरचं चित्त थाऱ्यावर येईना. खड्डा दिसला त्याहून खोल असला तर? ऐन वेळी पाटलांनी पाव्हण्याची पेटीच उघडली तर? ती ठेवून का नाही घेतली आपण? रात्री बायकोने, जैतुनबीने, वाढलेलं ताट तसंच राहिलं.

"कुणाची काळजी लागलीय एवढी?" तिने विचारलं.

"एका हाताची," तो म्हणाला.

सकाळी त्याने दुकान उघडलंच नाही. सरळ स्टेशन गाठलं.

गावात पोचेस्तोवर उन्हं कलली होती. गावचा राखणदार लहानू जागल्या शिवारातल्या खोपीत बसला होता. पाटील मघाशीच मचाणावर चढल्याचं त्याने सांगितलं.

"संगट मालकीन हाय," तो म्हणाला. "तिला घेतल्याबिगर पाटील शिकारीला बसत न्हाईत. शकुन हाय त्यांचा."

"काडतुसं कुठली नेली?"

"मला काय कळतंय त्यातलं?"

"मी जाऊन सांगून येतो."

लहानूने त्याचं मनगट धरून खाली बसवलं. "आता हालायचं नाय. शेळी बांधलीया. चाहूल लागली तर वाघ पुन्यांदा यायचा नाय."

समोर आंब्याचं झाड होतं आणि पानांत मचाण दडलेलं. खाली शेळी ओरडत होती. कादर बसला, उठला, परत बसला. शेळी एकदम गप झाली.

बार झाला. घुमणारा, जडसा. आंब्यातून पांढऱ्या धुराचा लोट उसळला आणि कादरचा श्वास मोकळा झाला. धूर! म्हणजे काळी दारूच. नळी टिकली.

तेवढ्यात धुराखालून अंगावर काटा आणणारी डरकाळी उठली आणि आंब्याची फांदी गदगदा हलली. बिबट्या खोडावर चढत होता.

मग दुसरा बार.

डावी नळी. कादर लहानूचा हात झटकून ढेकळांतून धावत सुटला. मागून लहानू हाका मारत होता. झाडाखाली बिबट्या आडवा पडला होता, त्याची शेपटी एकदा हलली आणि थांबली. वरून मात्र कुणाचा आवाज नाही.

"पाटील! हात बघू तुमचा! पाटील!"

कादर शिडीला लटकत वर चढला आणि त्याने मचाणावर डोकं काढलं.

लंकाबाई बंदूक मधून उघडून रिकामी काडतुसं बाहेर काढत होती. उजवा गाल काळा झालेला. कादरला बघताच तिने पदर पुढे ओढला. तिच्या पाठीमागे चिमाजी पाटील डोळे गच्च मिटून, दोन्ही कानांत बोटं खुपसून बसले होते.

"पडला का गं?" त्यांनी विचारलं.