गुप्त कोड

गणिताच्या बाईंनी गुणांची शीट वर्गाच्या ग्रुपवर टाकताना मुलांची नावं काढली आणि प्रत्येकाला एक गुप्त कोड दिला. कोणाचे गुण कोणाला कळायला नकोत, म्हणून. तरी मधल्या सुट्टीपर्यंत वर्गभर झालं, की चष्मेवाली नापास!

बाईंचा संशय थेट आम्हा सहकाऱ्यांवर. आधी क्लार्कचा अ‍ॅक्सेस काढला, मग माझा. मी खेळाचा शिक्षक, गणिताचं आणि माझं जन्मापासून वाकडं; पण मी दिसलो की बाई लॅपटॉप मिटायच्या. पासवर्ड तर मुख्याध्यापकांनाही सांगेनात. पुढच्या चाचणीला कोड बदलले, तरी पुन्हा तेच. "घरभेदी कोण ते आज शोधतेच," म्हणत बाईंनी रडणाऱ्या चष्मेवालीलाच स्टाफरूममध्ये आणलं.

"घाबरू नकोस बाळा. तुझा कोड कोणी फोडला, फक्त बोट दाखव."

तिनं आमच्यावर एकेक करत नजर फिरवली. मी उगाचच घाम पुसला.

 

"कोणीच नाही, बाई. हजेरीत माझं नाव शेवटचं असतं, आणि तुमच्या शीटमध्येही शेवटची ओळ माझीच असते."