खुडलेले कोंब

त्या दुष्काळात उदगीरमध्ये दोनच गोष्टी बोलल्या जात होत्या, टँकर कधी येणार आणि नवा जिल्हा कधी होणार. मन्मथअप्पांना दोन्हींचं सोयरसुतक नव्हतं. आपल्या वाट्याचं पाणी ते कुंडीतल्या जपानी मेपलला घालत. वीतभर उंचीचं, पंजासारख्या पानांचं ते झाड त्यांनी पोटच्या पोरासारखं जपलं होतं. दोन पानांमधून कोंब वर आला, की लगेच कात्री लावायची.

"मान वर काढली की खुडावं," ते बायकोला, लक्ष्मम्माला, सांगत. "मंग फांद्या कशा दाट, आटोपशीर ऱ्हातात."

लक्ष्मम्मा ऐकता ऐकता भिंतीपाशी जाऊन बसे.

एका संध्याकाळी उन्हं कलली आणि कोंब खुडता खुडता अप्पांची नजर भिंतीवर गेली. झाडाची सावली आढ्याला टेकली होती. आजवर खुडलेला कोंब न् कोंब तिथं फांदी होऊन पसरला होता. त्या गारव्यात लक्ष्मम्मा निवांत बसली होती. तिच्या बसण्यानं तिथली फरशी गुळगुळीत झाली होती.

"तुला ठाऊक होतं?"

"हाव. लई सालांपासून."

"आन् मला सांगितलं न्हाईस?"

ती नुसती हसली. अप्पा कात्री घेऊन तरातरा पुढं आले, तशी त्यांचीही सावली भिंतीवर पडली.

पण त्या सावलीचे हात रिकामे होते. कात्रीची सावली झाडाच्या वरच्या फांदीच्या पंजात होती, आणि तिची उघडी पाती अप्पांच्या सावलीच्या गळ्याशी आली होती.

"अवो," लक्ष्मम्मा मायेनं म्हणाली, "मान वर काढू नका."